दोन फळ्या आणि घोटभर पाणी

गाडी खोलून परत जोडली की चार नटबोल्ट उरतातच. ते कुणी टाकत नाही, डब्यात ठेवतात. आमच्या घरातले किस्से तसेच साठलेत. लग्नाला सहा महिने झाले, मी फारशी बोलत नाही, म्हणून डबा माझ्याकडं आलाय असं समजा!

सासऱ्यांची, म्हणजे मामांची, हळ्ळीखेडला एक जुनी लॉरी आहे. रस्त्यानं धड जाऊ न शकणारी जीप नाहीतर ट्रॅक्टर लॉरीत चढवायचा आणि गुलबर्ग्याच्या मिस्त्रीकडं पोचवायचा, हा धंदा. क्रेन कुठली! लॉरीचा मागचा फाळका पाडायचा, दोन सागवानी फळ्या टेकवायच्या आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये वर घ्यायची. फळी चाकापेक्षा चार बोटं रुंद. स्टेरिंगवर बसणारा माणूस माझा नवरा.

*

दुबलगुंडीचं लग्नाआधी घडलं. ट्रॅक्टर निम्म्या फळीवर होता आणि भोवती सगळं गाव. एक जण म्हणाला, "डावीकडं घे!" दुसरा कन्नडमधून उजवीकडं बोलवत ओरडला, "बलक्के, बलक्के!" तिसरा दखनीत, "सीधा आने दे मियाँ, कुछ नै होता!"

यांनी तिघांचंही ऐकलं.

ट्रॅक्टर फळीवरून सुटून उताणा झाला. हे बाजूला फेकले गेले म्हणून वाचले. डाव्या पायानं अजून थोडं लंगडतात.

त्या दिवशी मामांनी नियम काढला. लोडिंग सुरू व्हायच्या आधी हजर असलेल्या प्रत्येकानं तोंडात घोटभर पाणी धरायचं. गाडी लॉरीत बसेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही. बोलणार एकटे मामा!

*

आमचं लग्न बुद्धवंदना होऊन तासाभरात आटोपलं. मग माझं लोखंडी कपाट लॉरीत चढवायची वेळ आली आणि मामांनी तांब्या फिरवला. माहेरचे अकरा जण गाल फुगवून उभे!

माझी आत्या तांब्या हातात घेऊन अडून बसली. "जुन्या रीती समद्या सोडल्या म्हन्ता न्हवं? मग ही कोनची काढायलाव?"

मामा म्हणाले, "ही लोडिंगची हाय, अक्का."

आत्यानं एवढ्या निष्ठेनं पाणी धरलं की, लॉरी वेशीबाहेर जाईपर्यंत तिला रडताही आलं नाही.

*

निंगप्पा हा मामांचा जुना जोडीदार, पन्नाशीचा. तो दर वेळी पाणी गिळतो आणि हात पुढं करतो. एका ट्रॅक्टरला सहा घोट. मामा डोळे वटारतात. निंगप्पा म्हणतो, "ऊन हाय अण्णा, मी काय करू? पर बोललो का एक शबुद?"

*

लग्नानंतर पाण्याची कळशी माझ्या काखेत आली. खटकचिंचोळीला एका पाटलांचा ट्रॅक्टर होता. पाटलांनी आधी कळशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माज्याच रानात माजंच तोंड कामून बंद करायलास रे?"

यांनी तोवर इंजिन चालू केलं होतं. मामांनी हात वर करून ते बंद करायला लावलं. मला वाटलं, आता इथून रिकामी लॉरी घेऊन पळावं लागणार.

मामा सावकाश म्हणाले, "रान तुमचं, ट्रॅक्टर तुमचा. पोरगं माजं हाय, अण्णा."

पाटलांनी पाणी घेतलं. आमच्या हातचं पाणी गिळायचं नव्हतंच, त्यामुळं त्यांचीही सोय झाली!

*

आणि ती लष्कराच्या लिलावातली जीप. चारी चाकांना जोर असलेली, कसल्याही चिखलातून निघणारी, नुसतं वजन! जागा उताराची. लॉरीचा हँडब्रेक नावालाच, म्हणून निंगप्पानं पुढच्या चाकांना तिथलेच दोन तांबडे दगड लावले. लाकडी ठोकळे घरी राहिले होते.

सगळ्यांनी पाणी धरलं, मीही. मी मामांच्या शेजारी, लॉरीच्या कडेला उभी होते. जीप गुरगुरत फळीवर चढली. सगळ्यांचे डोळे जीपवर. सासऱ्यांच्या देखत नवऱ्याकडं टक लावून कसं बघायचं? म्हणून मी खाली मान घालून लॉरीचं पुढचं चाक बघत होते.

चाकाखालचा दगड भुगा व्हायला लागला. आमच्याकडचा तांबडा दगड, नखानंही खरवडला जातो.

जीप जोर लावून चढत होती आणि तो जोर लॉरीला पुढं ढकलत होता. एक बोट. दोन बोटं. बघता बघता आठ. फळ्यांची टोकं लॉरीच्या काठावरून मागं सरकली. वीतभर टेकल्या होत्या, आता चार बोटंच टेकून राहिल्या. हे बघत होते मामांच्या उचललेल्या हाताकडं. हात "ये, ये" म्हणत होता.

गिळायला एक क्षण लागला असता.

मी तोंडातलं सगळं पाणी मामांच्या तोंडावर मारलं.

मामा गर्रकन वळले. असा चेहरा मी कुणाचाच बघितला नव्हता. मी चाकाकडं बोट केलं.

"थांब!" मामा ओरडले.

यांनी ब्रेक मारला. जीप फळीवर थरथरत उभी राहिली. निंगप्पानं पळत जाऊन लॉरीतली स्टेपनी ओढली आणि चाकाखाली आडवी घातली. मग जीप वर गेली. मामांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मिशा पुसल्या. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, पण मी तशीही बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात दुबलगुंडीला परत एक ट्रॅक्टर. मी सगळ्यांना पाणी दिलं. निंगप्पाला दोनदा. शेवटी स्वतःसाठी तांब्या उचलला.

मामांनी तांब्यावर हात ठेवला.

"तुला नगं."