भावाची पहिली रेकॉर्ड

३ डिसेंबर १९७४. कापसाची वेचणी चालू होती. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गाठोडी बांधत होते, तेवढ्यात पोस्टमन मुंबईचं पार्सल घेऊन आला. आत धाकट्या भावाच्या बँडची पहिली रेकॉर्ड होती. भाऊ महिन्यापूर्वीच काविळीनं गेला होता.

सोबत त्याच्या मित्राचं पत्र: आम्ही जाझ आणि रॉक एकत्र केलंय, गाणं नाही, एका बाजूला एकच लांब तुकडा. फक्त विजेच्या यंत्रावर लावा. आमच्या गावात वीज नव्हती. मलकापूरला होती, पण लकव्यानं पडलेल्या बाबांना एसटीत कसं बसवणार? बाबा हयातभर लग्नाच्या बँडपार्टीत क्लॅरनेट वाजवत आले. भावालाही त्यांनीच शिकवलं. एका वरातीत तो चाल सोडून मनाचं वाजवू लागला, तेव्हा बाबांनी चारचौघांत त्याच्या हातातलं वाद्य काढून घेतलं. त्यानंतर तो घरी आला नाही.

"मले एकदा आयकू दे," बाबा म्हणाले. "मंग मरायले मोकळा."

विजेचं यंत्र वगैरे मला शहरी चोचले वाटले. लग्नात भोंगा लावणाऱ्याला त्याचा चावीचा फोनो घेऊन बोलावलं.

"बाई, तवा लय मोठा हाय वो! भाकर टाकता का याच्यावर?" म्हणत त्यानं वेग कमी केला, नवी लोखंडी सुई बसवली.

आधी नुसते ड्रम. मग क्लॅरनेट आलं, तिरकं, दमदार, कुठल्याच चालीला न बांधलेलं. मधे दोनदा चावी द्यावी लागली.

"वरातीत असं वाजवलं असतं त घोडा नवरदेवाले घेऊन पळाला असता," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं, "पन सूर हालू देत नाही पोट्टा. पुन्हा लाव बे."

पुन्हा लावली, तर नुसती खरखर. जड सुईनं रेघा खरवडून काढल्या होत्या. सुईला चिकटलेली काळी भुकटी मला दिसली. बाबांना खाटेवरून दिसत नव्हती.

"हे काय वाजवून राह्यला?"

"दुसरी बाजू हाय, बाबा," मी म्हणाले.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. "हे नाही जमलं त्याले," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पाजताना मी त्यांना खरं सांगितलं: ती खरखर त्याची नव्हती, मी रेकॉर्ड खराब केली. त्यांनी चहा नको म्हटलं. मी पोस्टात गेले आणि भावाच्या मित्राला कार्ड लिहिलं: आणखी एक प्रत पाठवा, बॅटरीवर चालणारं यंत्र कुठे मिळतं तेही कळवा, आणि उशीर करू नका.