एका फायटरपुरतं पाणी

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. नवेगाव-बांधच्या तलावावर गेलं की आमच्यातला कोणताही म्हातारा तिथल्या पाळीवर असा उभा राहतो, जसं काही परवाच त्यानं स्वतः माती टाकली. हा माज माझ्यातही होता. पाण्याचं आम्हाला कोणी शिकवू नये, एवढं पक्कं.

मासा मात्र बायकोचा. ती गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या काचेच्या पेटीतले गप्पी मासेही मागोमाग संपले आणि एक निळा फायटर मासा तेवढा उरला. "याले एकटंच ठेवा लागते. दुसरा दिसला का भांडते, तुमच्यासारखा," असं ती म्हणायची, आणि मी चिडलो की आणखी हसायची. आता तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच होतं. तो मेला तर मी काय करणार होतो, देव जाणे.

लाइटच्या ये-जामध्ये पेटीतलं पाणी फिरवणारा जुना फिल्टर जळला. तसाच उठलो आणि नवा घ्यायला अर्जुनीहून गोंदियाची गाडी धरली.

"टँक कितना बड़ा है, अंकल? मछली कितनी हैं?" दुकानदारानं विचारलं.

"एक."

"एक ही?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "फिर छोटा स्पंजवाला ले जाओ. घंटे में चार बार पानी घूम गया, बहुत हुआ. फायटर को ज्यादा करंट मत दो, परेशान हो जाएगा."

मला राग आला. 'एक ही' म्हणताना त्यानं जे तोंड केलं, त्याचा जास्त आला. म्हटलं, तू मला पाणी शिकवतोस? आमच्याकडे तलावाचं जादा पाणी सोडणारा सांडवा कधी रोजच्या पाण्यावर काढत नाहीत. सगळ्यात मोठ्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं, ते जुन्या माणसांना विचारतात आणि त्या हिशेबानं सांडवा ठेवतात. कमी पडला तर पाळ फुटते, जास्त झाला तर कोणाचं काही जात नाही. तोच हिशेब मी पेटीला लावला आणि दुकानातला मोठ्यातला मोठा फिल्टर उचलला. घरातल्या पेटीत पूर येणार कुठून, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

घरी येऊन लावला, आणि काय सांगू! पाणी वरून असं खळखळ पडायला लागलं की घर भरून गेलं. मागच्या न्हाणीत कोणी भांडी घासून राहिलं आहे, असं वाटायचं. पेपर वाचता वाचता एकदा मी "झालं का नाही तुझं?" असं विचारूनही बसलो. मग पेपर बाजूला ठेवून रडलो. पण फिल्टर बंद नाही केला. कितीतरी महिन्यांनी त्या घरात बसवत होतं.

फायटरला मात्र ते पाणी सोसत नव्हतं. त्याची शेपटी लांब, लुगड्याच्या पदरासारखी, आणि अंगात जोर नाही. धार त्याला कोपऱ्यात ढकलायची, तो झाडामागे दबून बसायचा. दाणे टाकले की तोंडापुढून वाहून जायचे. फिल्टरला एक बटण होतं. ते कमी केलं की मासा बाहेर यायचा, आणि घर पुन्हा भकास व्हायचं. मग मी वाटणी केली, दिवसभर त्याच्यासाठी मंद आणि संध्याकाळी माझ्यासाठी जोरात. संध्याकाळच तर अंगावर येते माणसाच्या.

एका संध्याकाळी चहा करून आलो तर तो दिसेना. पाहतो तर फिल्टरच्या जाळीला आडवा चिकटलेला. शेपटी आत ओढली गेली होती. घाईत प्लग सापडेना. प्लग काढल्यावर तो सुटला, कलंडला, आणि बऱ्याच वेळानं त्याचे कल्ले हलले. "अरे बाबा, मरू नको रे," मी मोठ्यानं म्हणालो. घरात कोणी ऐकणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंदिया. दुकानदार काही बोलला नाही, त्याबद्दल त्याचं भलं होवो. छोटा स्पंजवाला आणला. त्याचे बुडबुडे इतके हळू की काचेला कान लावावा तेव्हा कळतात. फायटर दोन-तीन दिवसांत सावरला, फाटक्या शेपटीनं पेटीभर फिरायला लागला. मी समोर खुर्ची टाकून पाहत बसायचो. खरं सांगतो, आनंद झाला. आणि घर खायला उठलं.

रविवारी संध्याकाळी लेकीचा पुण्याहून फोन आला. इकडचं-तिकडचं झालं आणि मग तिनं दर वेळचं विचारलं, "बाबा, करमते ना तुम्हाले?"

मोठा फिल्टर होता तोवर बरं होतं. "काय म्हणतेस? पाण्याच्या आवाजात काही ऐकू नाही येऊन राहिलं," असं म्हणून मी विषय बदलायचो. आज तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"बाबा?"

"नाही करमत, माय," मी म्हणालो. "अजिबात नाही करमत."

बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.