इंजिनातली बांगडी

डोळा अजून लागलेला नाही. शेडमध्ये गाडीशेजारी सतरंजी टाकून मी आडवा झालोय. पत्रा उन्हानं तडतडतोय. हातातला लांब स्क्रूड्रायव्हर मी सोडलेला नाही. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, म्हणजे आतला आवाज सरळ डोक्यात येतो. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मी पोरांना हेच शिकवत आलो. आज सकाळपासून स्वतः तेच करतोय आणि मला काही कळत नाहीय.

ठक्. मग जरा थांबून ठक्-ठक्. माझ्या जुन्या बुलेटच्या पोटातून, खालून कुठूनतरी.

उन्हं कलली की कुमुद चौगुलेंना घेऊन कुंभोजच्या बाहुबलीच्या दर्शनाला जायचंय. त्यांची स्कूटर बसदीसमोर, म्हणजे आमच्या जैन मंदिरासमोर, बंद पडली होती, ती मी चालू करून दिली, तिथून ओळख. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मालन, माझी बायको, जाऊन दोन पावसाळे झाले. कुमुदताईंना मी सांगितलंय, रेल्वे फाटकाच्या पलीकडं उभ्या राहा, तिथून घेतो. तिथं आपल्या ओळखीचं कुणी नसतं. यावर त्या फोनवर नुसतं "बरं" म्हणाल्या.

पापण्या जड होतायत. गाडी बंद केलीय, आवाज मात्र डोक्यात चालूच आहे.

"गाडी बंद केली नाही का ओ?"

शेडच्या दारात बसून मालन घेवड्याच्या शेंगा निवडतीय. मांडीवर सूप. जांभळी नायलॉनची साडी, आमच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला घेतलेली.

"बंदच आहे," मी म्हणतो.

"मग वाजतंय काय?"

ती गेलीय हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं. पाहुण्यांसमोर घरातलं भांडण काढत नाहीत, तसं आम्ही दोघंही तो विषय काढत नाही. इतक्या दिवसांनी बायको दिसली तर माणूस धावत जाईल, हात धरेल. मी काय करतो? अंगाखालची सतरंजी ओढून गाडीच्या सीटवर टाकतो. घाईघाईनं, चारी टोकं नीट खाली येतील अशी.

"काय झाकताय?"

"धूळ बसते."

ती शेंगेचा दोरा काढते. माझे कान तापतात.

आता आम्ही स्वयंपाकघरात आहोत. इंजिन ओट्यावर आहे, शेगडीशेजारी. खाली तिची मोठी परात, त्यात काळं तेल ठिबकतंय. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती परात थोडी सरकवून देते, तेल बाहेर पडू नये म्हणून.

"सांगा बघू," ती म्हणते. "काय काय बघितलंत?"

मला बरं वाटतं. हे मला सांगता येतं. "टॅपेटचा आवाज वरून येतो, बारीक असतो. हा तसा नाही. पिस्टनचा म्हणावं तर इंजिन तापल्यावर तो कमी होतो. हा होत नाही. म्हणजे खालचं बेअरिंग. ते बदलायचं तर इंजिन सगळं उघडावं लागेल. नुसतं तेल बदलून बघितलं. तरी आहे तसाच आहे."

"आधी होता का हा आवाज?"

"नाही."

"मग तुम्ही काय केलंत तिला?"

हा प्रश्न मी प्रत्येक पोराला प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लावायचो. गाडी बिघडायच्या आधी तिला काय केलं होतं? लोक लपवतात. जे लपवतात तिथंच दुखणं असतं.

"दिवा बदलला," मी म्हणतो. "मोठा घातला."

"कशाला?"

"अंधारात दिसत नाही हल्ली नीट."

"अंधारात कुठं जाता?"

"यायला उशीर झाला तर असावा म्हणून."

"कुठनं यायला?"

मी परातीतल्या तेलाकडं बघतो. "आणि बटणावर चालू होणारा स्टार्टर घातला. दिवा आणि स्टार्टर दोन्हीला वीज लागते, म्हणून वीज करणारा अल्टरनेटरही मोठा बसवला."

"किक मारता येत नाही तुम्हाला?"

"येते की."

"मग?"

येते, पण दोन-चार माराव्या लागतात, आणि त्यानंतर मला धाप लागते. धाप लागलेली कुणी बघू नये, हे मी तिला कसं सांगू? ती बाळंतपणाला माहेरी निघाली होती तेव्हा मी पहिल्या किकेत गाडी चालू करून दाखवली होती. आता दुसऱ्या कुणासाठी बटण बसवलंय.

"आणि?" ती विचारते.

"आणि काही नाही."

ओट्यावर आता इंजिन नाही, अख्खी गाडीच उभी आहे, कपबशांच्या मांडणीला आरसा टेकवून. मालन पुढं होऊन सतरंजी उचलते. अलगद, झोपलेल्या मुलाच्या अंगावरची चादर काढावी तशी. खाली नवी सीट. मागच्या बाजूला डावीकडं तिची पायठेवणी होती, एका अंगाला बसणाऱ्या बाईला दोन्ही पाय ठेवता यावेत अशी रुंद पट्टी. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी होती. तिथं आता फक्त चार भोकं आहेत, काळ्या रंगानं बुजवलेली.

ती भोकांवरून बोट फिरवते.

"त्या दोन्हीकडं पाय टाकून बसतात," मी म्हणतो. "ड्रेस घालतात ना. म्हणून."

म्हणून झाल्यावर कळतं की मी 'त्या' म्हणालोय. मालनला 'त्या' कोण हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. जमीन फाटावी असं लोक का म्हणतात ते मला आत्ता उमगतं.

"नाव काय?"

"कुमुद."

"चौगुल्यांची?" ती मान हलवते. "चांगली आहे. बसदीत आरतीला तिचाच सूर लागतो, बाकीचे नुसते ओरडतात. कुठनं घेणार तिला?"

"फाटकापाशी."

"फाटकापाशी?" सुपातली एक शेंग ती उलटी-सुलटी करून बघते. "रेल्वेचं पार्सल आहे का ओ ती?"

ती रागावलेली नाही, हे जास्त वाईट आहे. रागावली असती तर मी भांडलो असतो. मी साठी उलटलेला माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, हात पाठीमागं बांधून वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा आहे. आणि मला जाणवतं की मालनपुढं माझी मान खाली आहे ती वेगळीच. त्याहून खाली आहे ती दुसऱ्या बाईपुढं, जी फोनवर "बरं" म्हणाली होती.

ठक्. ठक्-ठक्.

"थांबा," मालन म्हणते. "हा आवाज मला ठाऊक आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीला हिरवा पडदा आहे, दवाखान्याचा. ओट्याच्या जागी खाट. मालन खाटेवर आहे, अगदी शेवटी झाली होती तेवढी बारीक. मनगटावर तिच्या दोन पाटल्या तेवढ्या उरल्यात, इतक्या सैल की कोपरापर्यंत घसरतात. नर्सनं काढायला सांगितल्या होत्या, तिनं काढू दिल्या नव्हत्या.

"ऐका," ती म्हणते आणि हात जरासा हलवते. पाटली मनगटाच्या हाडावर आपटते. ठक्. थांबून ठक्-ठक्.

मी वाकून ऐकतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ आपोआप कानामागं जाते, टोक तिच्या मनगटाशी. तीच लय. तोच आवाज.

"आता बघा हं." ती हात गोल फिरवते, लहान मुलं चक्र फिरवतात तशी, जोरात. आवाज बंद.

"हळू फिरलं की वाजतं," मी पुटपुटतो. "जोरात फिरलं की गप्प."

"आणि हातात काही जड उचललं की वेगळंच वाजतं. तुमच्या गाडीच्या हातात काय जड दिलंय?"

मी गाडीकडं वळतो. ती खाटेच्या पायथ्याशी उभी आहे, चालू आहे, आणि आजूबाजूचे पेशंट शांत झोपलेत. मी नवा दिवा लावतो. सगळा वॉर्ड पांढराफटक उजळतो. ठक्-ठक् बदलतं, दाटतं, खोल जातं. दिवा बंद करतो. परत पहिल्यासारखं.

बेअरिंग नव्हतंच. इंजिनाचा मधला दांडा फिरतो, त्याच्या टोकावर अल्टरनेटरचं जड चाक बसवलेलं असतं. त्याचा नट सैल आहे. ते चाक दांड्यावर पाटलीसारखं खेळतंय. मीच बसवलं होतं ते. आणि कधी, तेही मला लख्ख आठवतं. डोक्याला कलप लावून बसलो होतो, धुवायची वेळ टळेल म्हणून नट हातापुरता आवळला, पाना नंतर लावू म्हणालो, आणि आरशासमोर पळालो.

मालन माझ्या केसांकडं बघतीय.

"कानामागं राहिलंय थोडं," ती म्हणते. "काळं."

मला हसू येत नाही. तिला येतं. हसता हसता ती खाटेवरून उतरते आणि आता ती बारीक नाही, पहिल्या दिवाळीची आहे.

"मला एकदा बसू द्या की तशी."

"कशी?"

"दोन्हीकडं पाय टाकून. जन्मभर एका अंगाला बसले, डावीकडचीच शेतं बघितली."

ती जांभळी साडी गुडघ्यापर्यंत खोचते आणि मागं बसते. आम्ही वर्कशॉपमधून निघतो, लेथ मशीनच्या दोन ओळींमधून, आणि मशीनच्या पलीकडं ऊस लागतो, दोन्ही बाजूंना. इंजिन गोड चाललंय. ती एकदा डावीकडं बघते, एकदा उजवीकडं. तिची मान हलल्याचं मला पाठीला कळतं.

"आई गं!"

"काय झालं?"

"पाय टेकला सायलेन्सरला. साडी चिकटली वाटतं."

"थांबवू?"

"नको. चालू द्या."

"मालन, मी तुला विचारायला हवं होतं..."

"पुढं बघा," ती म्हणते. "वळण आहे."

वळण खरंच आहे. मी पुढं बघतो.

पत्रा निवलाय. सतरंजी माझ्या अंगाखालीच आहे. कानामागं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीची खाच पडून दुखतंय. मी उठतो आणि तोंडही न धुता इंजिनाचं डावीकडचं झाकण काढतो. खाली तेलाला डबा लावतो. चाकाचा नट दोन बोटांनी फिरतो.

आवळतो. पाना लावून, नीट, वॉशरची कड नटावर दुमडून. झाकण, तेल. बटण दाबत नाही, किक मारतो. चौथ्या किकेला गाडी चालू होते आणि मी सीटला धरून धापा टाकत उभा राहतो. दिवा लावून ऐकतो, बंद करून ऐकतो. काही नाही. फक्त इंजिन.

फोन वाजतो. कुमुदताई.

"उपाध्येसर, मी निघू का फाटकाकडं?"

"नको," मी म्हणतो. धाप अजून आहे, ती त्यांना ऐकू जात असणार. "मी घरी येतो. तुमच्या दारात."

पलीकडं दाराची कडी वाजते. मग, "समोरची मंडळी आज अंगणात बसलीत हं सगळी."

"असू देत." माझा चेहरा तापलाय. शरम काही गेलेली नाही. "ते फाटकाचं मी बोलायला नको होतं. चुकलं माझं."

"या," त्या म्हणतात. "मी चहा टाकते."

झाकणातून सांडलेलं तेल पुसायला मी फडकं घेऊन खाली बसतो. सायलेन्सर परवाच बसवलाय. त्या सीटवर मागं अजून कुणी बसलेलं नाही. पोटरी टेकते बरोबर त्या जागी नखाएवढा एक डाग आहे, वितळून घट्ट झालेला. काठाला बारीक धागा सुटलाय. पाईप तापलाय आणि त्यातून जळक्या नायलॉनचा वास येतोय.

मी फडकं बाजूला ठेवतो. नखानं जरासं ओढून बघतो. निघत नाही. जांभळं आहे.