चाचणीचा पत्ता

ऑफिसात सगळे त्याला ठिपकेकाका म्हणत. वेबसाइटच्या पानावर एखादं बटण एका ठिपक्यानं जरी सरकलेलं असलं, तरी ते ह्या माणसाच्या डोळ्यात खुपायचं. तरुणपणी त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाट्यांचे दिवस सरले, तेव्हा चाळिशीला टेकलेला हा गडी कॉम्प्युटर शिकला आणि त्याच नजरेवर वेबसाइट करू लागला. बायको म्हणायची, "घरातलं कपाट वर्षभर वाकडं उभं आहे, लोकांची बटणं मात्र सरळ हवीत." तिचं काही चुकत नव्हतं.

एका दुपारी ताईंचा फोन आला. घरच्यांकडूनच छळ होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांची संस्था काम करायची, आणि संस्थेची वेबसाइट काकानं वर्षापूर्वी अगदी जीव ओतून केली होती.

"काका, ते 'मदत मागा' पान काढून टाका बघू. फोन येतात आम्हाला, पण त्या फॉर्मवरून वर्षभरात एक निरोप नाही. लोकांना लिहायचा कंटाळा, दुसरं काय."

"काढतो की. दहा मिनिटांचं काम."

त्यानं फाइल उघडली. फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर कुठे पाठवायचा, ती ओळ समोर आली. तिथे संस्थेचा पत्ता नव्हता. तिथे काकाचा स्वतःचा चाचणीचा पत्ता होता.

साइट तयार होत असताना फॉर्म पन्नास वेळा भरून बघावा लागतो. तो कचरा गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये जाऊ नये म्हणून वेबसाइट करणारी मंडळी तिथे आपला एक फालतू पत्ता घालून ठेवतात. साइट लोकांसाठी खुली करायच्या दिवशी तो बदलायचा, हे ह्या धंद्यात काल आलेल्यालाही ठाऊक असतं. त्या दिवशी आपण काय करत होतो हे काकाला पक्कं आठवत होतं. तो फॉर्मखालचं बटण एक ठिपका वर घेत होता.

त्या चाचणीच्या पत्त्याची मेलपेटी त्यानं वर्षभरात उघडली नव्हती. पासवर्ड तिसऱ्या खेपेला लागला. पहिले नऊ निरोप त्याचेच होते: 'अबक अबक', 'चाचणी चाचणी', 'आता तरी चाल रे बाबा'. त्यानंतर अनोळखी माणसं सुरू झाली. सदतीस निरोप.

पान काढायला खुद्द ताईंनीच सांगितलं होतं. काढून टाकलं असतं तर कोणाला काही कळलंही नसतं. हा विचार आपल्या मनात आला, ह्याची त्याला पुढे कायम लाज वाटत राहिली.

त्यातले पाच निरोप एकाच बाईंचे होते. शाळेतून निवृत्त झालेल्या, वय अठ्ठ्याहत्तर. 'महोदय' अशी रीतसर सुरुवात करून लिहिलं होतं: 'मुलगा व सून कामावर जाताना माझ्या खोलीला बाहेरून कडी घालतात. दिवसभर संडासला जाता येत नाही. मला ऐकू येत नसल्याने फोनवर बोलणे जमत नाही. शेजारीण खिडकीच्या गजांतून तिचा फोन देते, त्यावरून लिहीत आहे.'

दुसरा निरोप त्याच दिवशीचा होता. 'आपले उत्तर लगेच मिळाले, धीर आला. "पोहोचला" हा शब्द आपण अचूक लिहिला आहे. हल्ली कोणी लिहीत नाही.'

उत्तर! फॉर्म भरला की आपोआप जाणारं ते उत्तर होतं: 'तुमचा निरोप पोहोचला. आम्ही लवकरच येतो.' ताईंनी नुसतं पहिलंच वाक्य दिलं होतं. ते कोरडं वाटलं म्हणून दुसरं काकानं पदरचं जोडलं होतं, आणि तेव्हा स्वतःवर खूशही झाला होता.

तिसऱ्या निरोपात बाईंनी 'आपणास कामाचा व्याप असेल' असं लिहिलं होतं. चौथ्यात घर सापडावं म्हणून खुणा दिल्या होत्या, वळणं मोजून. पाचव्यात पाय सुजल्याचं होतं आणि त्याखाली 'वाट पाहते'. त्याला चार महिने होऊन गेले होते.

काकानं ताईंना फोन लावला. "पान काढायचं नाही, ताई. निरोप आलेत. माझ्याकडे येऊन पडलेत. चूक माझी आहे."

ताईंनी विचारलं, "किती?"

"सदतीस."

"नंबर सांगा. मी लिहून घेते. रडणं-बिडणं नंतर."

त्यानं एकेक नंबर वाचला. बाईंचा वाचला नाही. "हा मी लावतो," तो म्हणाला. ताईंनी "तुम्हाला झेपणार नाही" म्हणून सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही.

फोन शेजारणीनं उचलला. काकानं संस्थेचं नाव सांगितलं आणि बाईंची चौकशी केली.

"बाई गेल्या," ती म्हणाली. "तीन महिने झाले. संध्याकाळी मुलानं कडी काढली, तर खाली पडलेल्या. केव्हा गेल्या तेही कळलं नाही."

काका खुर्चीतून उठून उभा राहिला. का उठला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"दोनदा म्हटलं मी त्यांना, कागदावर लिहून दाखवलं, की मी तुमच्या संस्थेला फोन लावते म्हणून," शेजारीण सांगत होती. "तर म्हणाल्या, नको लावू. त्यांनी येतो म्हणून लेखी कळवलंय. भल्या माणसांच्या मागे तगादा लावू नये."

"ते मी लिहिलं होतं," काका म्हणाला. फॉर्म, चाचणीचा पत्ता, आपोआप जाणारं उत्तर, सगळं त्यानं तिला सांगितलं. अर्धंअधिक तिच्या डोक्यावरून गेलं असावं.

"म्हणजे बाई लिहायच्या तेव्हा तिकडे कोणी नव्हतंच?" तिनं विचारलं.

"नव्हतं," काका म्हणाला.