फक्कीच्या रेषेबाहेर चपला

बारा फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी नऊच्या सुमारास मी जमिनीवर फक्की टाकत होते. मैदानावर शर्यतीच्या रेघा आखतात, तीच पांढरी पूड. आमच्या विद्यार्थी संगतीची नवी इमारत व्हायची होती आणि दुसऱ्या दिवशी पाया खोदायला जेसीबी येणार होता. रशीद मिस्त्रींनी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या. ते काटकोन पाहायचा गुण्या लावून कोपरे तपासत होते आणि दोरीखालून रेघ ओढायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. त्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक दिवसाची रजा काढली होती. तिथे मी गेली वीस वर्षं पुस्तकं देते-घेते.

संगती म्हणजे फार मोठं काही नाही. महाविद्यालयाजवळ भाड्याच्या दोन खोल्या आहेत; नव्या इमारतीची जागा त्याच रस्त्यावर, थोडी पुढे. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थी जमतात, गाणी म्हणतात, बायबलमधला एखादा भाग वाचून त्यावर बोलतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात. नाताळात गर्दी इतकी होते की मुलं रस्त्यावर उभी राहतात. म्हणून मोठी जागा हवी, हे सगळ्यांनाच पटलं होतं. नकाशात एकच मोठा हॉल होता, दोनशे खुर्च्या मावतील असा, पुढे उंच स्टेज. हा विचार मूळ माझा. समितीच्या पहिल्याच बैठकीत, कागद उघडायच्या आधी, मी त्या हॉलसाठी प्रार्थना केली होती, अगदी स्टेजच्या पायऱ्यांसकट. सगळे आमेन म्हणाले. आमच्या लोकांची एक खोड आहे. ज्याच्यावर एकदा आमेन झालं, त्याच्याबद्दल नंतर कोणी शंका काढत नाही. शंका काढली तर ती देवावरच काढल्यासारखी वाटते. नकाशा नंतर तीन वेळा सगळ्यांसमोर आला आणि तिन्ही वेळा चर्चा फक्त पंख्यांची झाली.

पण त्या आठवड्यात मला झोप नीट लागत नव्हती. काहीतरी राहिलंय असं वाटायचं आणि काय ते सापडायचं नाही. मला देवाकडे चिन्हं मागायची सवय नाही. जे करायचं ते करावं आणि चुकलं तर निस्तरावं, असा माझा स्वभाव. तरी त्या सकाळी फक्कीचं पोतं सोडताना मी मनात म्हटलं, ‘प्रभू, काही चुकत असेल तर आजच सांग. उद्या मशीन येतंय.’ बस, एवढीच प्रार्थना. डोळेही मिटले नव्हते.

दहा वाजता हॉलची चौकट पूर्ण झाली. दाराच्या जागी रेघ मोकळी सोडली होती. मी कंबर सरळ केली तेव्हा रस्त्याच्या कडेला एक बाई उभी दिसली. माझ्याच वयाची, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. तिने पाणी मागितलं. मी बाटली दिली. पाणी पिऊन तिने विचारलं, “हे काय बांधून राह्यल्या, बाई?”

“देवाचं घर म्हणा. कॉलेजच्या पोरापोरींसाठी.”

ती चालत दाराच्या मोकळ्या जागेपाशी आली, चपला काढल्या, रेघेबाहेर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मग आत पाऊल टाकलं.

“अहो, चपला कशाला काढता? काटे आहेत. नुसती फक्की आहे ही.”

“तुमीच म्हन्ल्या न देवाचं हाय म्हनून. मंग आत्तापासूनच झालं की.”

मिस्त्री हसले. “मॅडम, ही पहिली बाई बराबर दारातून आली. तुम्ही सकाळपासून भिंतीतूनच ये-जा करून राह्यल्या.”

ती त्या रिकाम्या चौकटीत सावकाश फिरली. नवीन घर बघायला आलेल्या पाहुणीसारखी. “हे काय?” स्टेज, मी म्हटलं. “आन् हे?” खुर्च्या. “आन् पोरी कुठं बसतेन?” खुर्च्यांवर. “तसं न्हाई. अभ्यासाला. टेबल कुठंय? कडी लागंल अशी खोली कोन्ती? बाथरूम कुठंय पोरींचं?”

मी नकाशा उघडला. बाथरूम मागच्या बाजूला होतं, एकच, आणि त्याच्याकडे जायचा रस्ता स्टेजवरून. हे मी तीनदा पाहिलं होतं. तीनदा पंख्यांवर बोलले होते.

मग तिने सांगितलं. ती केदारखेड्याची. घरी शेती. मुलगी मनीषा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. “पोरगी साडेसहाच्या गाडीला बसती. पावनेआठला हितं उतरती. कालेज अकराला. तवर कुठं बसती म्हून इचारलं, तं म्हनली स्टँडवर. गेल्या हप्त्यात कोनी तरी मागं मागं आल्ता. हे तिच्या वडलांच्या कानावर गेलं. ते म्हन्ले, बस झालं शिक्षन. आज नाव काढाया आल्ते म्या.”

“मग इकडे कशा?”

“पोरगी म्हनली, तिथं एका बाईच्या खोल्या हाईत, चांगल्या हाईत. म्हन्लं नाव काढायच्या आधी पाहून तं घ्यावं. गेल्ते. कुलूप व्हतं.”

ते कुलूप माझं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. खोल्या शनिवारी संध्याकाळी उघडायच्या, बाकीचे दिवस बंद. आणि मनीषाही मला माहीत होती. ग्रंथालयाचं दार साडेदहाला उघडतं. रोज सव्वादहापासून एक सडपातळ मुलगी दाराला टेकून उभी असायची. मला वाटायचं, फार उत्साही दिसते. मी घड्याळ बघून बरोबर साडेदहालाच दार उघडायचे. नियम म्हणजे नियम. दोन वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तू इतक्या लवकर येतेस कुठून.

मी म्हटलं, “आज नाव काढू नका. उद्या सकाळी पावणेआठला खोल्या उघड्या असतील. मी स्वतः असेन तिथे.”

“उद्या असतान. परवा?”

“परवाही. रोज.”

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग सरळ विचारलं, “तिथं बसायचं तं तुमची प्रार्थना म्हनावी लागंल का? आमचा खंडोबा हाय.”

“नाही. अभ्यास करायचा. प्रार्थनेला बसावंसं वाटलं तर बसावं, नाही तर नाही. कोणी विचारणार नाही.”

“आमचे हे जल्दी ऐकत न्हाईत. पाहते,” ती म्हणाली. हो म्हणाली नाही. चपला घातल्या आणि निघाली. कॉलेजच्या दिशेने वळली की स्टँडच्या, ते मध्ये ट्रक आल्यामुळे मला दिसलं नाही.

मिस्त्रींना मी म्हटलं, उद्याचं मशीन थांबवा. ते म्हणाले, “कहना भी नहीं पडता मॅडम. मला तर पहिल्यापासून वाटत होतं, संडासचा रस्ता स्टेजवरून काहून ठेवला यांनी?” मग सांगितलं का नाही? “तुम्ही लोक नकाशासमोर हात जोडून उभे होते. मी काय बोलू?”

दुपारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला, तेही समितीत होते. तो फोन करणं मला जड गेलं. चूक कबूल करायची मला सवय कमी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खरं सांगू का बाई, दोनशे खुर्च्या मलाही जास्तच वाटत होत्या. पण तुम्ही इतक्या आवेशाने प्रार्थना केली, की मी आमेन म्हणून मोकळा झालो.” मग आम्ही दोघंही हसलो. ते म्हणाले, नकाशा पुन्हा काढू, आणि या वेळी आधी मुलींना विचारू, मग प्रार्थना करू.

ती बाई देवाने पाठवली की बसला वेळ होता म्हणून आली, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही वाटत नाही. मी सकाळी विचारलं आणि दहा वाजता उत्तर चपला काढून आत आलं, एवढं मला माहीत आहे. आजवर मी ‘प्रभू, तुझी इच्छा’ असं म्हणायचे आणि खाली स्वतःचाच नकाशा अंथरायचे. समर्पण म्हणजे हात जोडून बसणं, असं समजून मी त्यापासून लांब राहिले. त्या दिवशी कळलं की माझ्यासारखीला ते वेगळ्या रीतीने करावं लागतं. आखायचं, पण पुसायची तयारी ठेवायची. उपकार एवढेच मानते, की त्याने मला काँक्रीट ओतायच्या आधी सांगितलं. फक्की झाडूने निघते.

दुसऱ्या दिवशी साडेसातला खोल्यांचं कुलूप काढलं. खिडक्या उघडल्या, टेबल पुसलं, माठ भरला, बाथरूमची कडी लागते का ते दोनदा पाहिलं. पावणेआठ झाले. आठ झाले. कोणी आलं नाही. सव्वाआठला मी दारावर चिठ्ठी चिकटवली, ‘दार उघडं आहे, आत बसा. मी पुढे नव्या जागेवर आहे,’ आणि झाडू घेऊन जागेवर गेले. आधी स्टेज झाडून टाकलं. मग टेप लावून मुलींच्या खोलीची रेघ ओढायला घेतली. तीन बाजू झाल्या, चौथीत दारापुरती जागा सोडली.

“मॅडम.”

मनीषा उभी होती, पाठीला दप्तर, हातात डबा. “गाडी पंक्चर झाल्ती. चिठ्ठी वाचली. पण म्हन्लं आधी तुम्हाला सांगावं, मी आले म्हनून.” सँडल तिने काढून ठेवले होते, रेघेबाहेर, शेजारी शेजारी. “आत येऊ?”

“ये,” मी म्हटलं. “आणि टेबल कुठे हवं ते सांग.” ती दारातून आत आली. मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं, बाहेर गेले, चपला काढल्या आणि दारातून पुन्हा आत आले.