पाण्यातून चालणारी मृणाल

मृणाल दलदलीच्या जंगलात शिरली की सरळ पाण्यात उतरायची. पेनसिल्व्हेनियातलं ते जंगल हेमलॉक आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं. बुंध्यांमध्ये काळं पाणी आणि पाण्यातून वर आलेले शेवाळाचे उंचवटे. आम्ही बाकीचे उंचवट्यांवरून उड्या मारत बूट कोरडे ठेवायचो. ही काठी टेकत गुडघाभर चिखलातून निघायची आणि मागे वळून म्हणायची, “उतर ना बे, पाणी काय खाते का तुले?”

मला वाटायचं, शायनिंग मारते. खरं सांगतो, मी तिच्यावर पहिल्या दिवसापासून जळत होतो. ती यवतमाळची, मी पुण्याचा. स्टेट कॉलेजला एकाच प्रोफेसरांच्या हाताखाली आमची पीएच.डी. चालली होती आणि पुढच्या वर्षी त्यांच्या प्रकल्पात जागा एकालाच होती. मी पेपर वाचून डोळे फोडायचो. ही खिचडी खाऊन नऊला घोरायची, आणि जंगलात काही अडलं की प्रोफेसर विचारायचे हिलाच.

काम तसं साधं होतं. साचलेल्या पाण्यात बी तगत नाही, त्यामुळे नवी रोपं उगवतात ती उंचवट्यांवरच. ती मोजायची, आणि मेली तर का मेली ते लिहायचं. माझ्या भागातली रोपं भराभर कमी होत होती. हरणांना हेमलॉकची कोवळी रोपं फार आवडतात, म्हणून मी वहीत दर खेपेला ‘हरीण’ लिहून मोकळा व्हायचो. मृणालची रोपं मात्र तरारलेली. हरणंसुद्धा हिच्याच बाजूची, असं मनात यायचं.

जूनमध्ये प्रोफेसर पाहणीला आले. मृणाल माझ्या एका उंचवट्याशी वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि ते शेजारी उभे असतानाच शांतपणे मराठीत म्हणाली, “हरीण नाही बे, तुझे बूट आहेत. एकही रोप कुरतडलेलं नाही, सगळी चेंगरली आहेत. जायची-यायची वाटच केली तू यांच्यावरून.”

प्रोफेसरांनी विचारलं, “एनी प्रॉब्लेम?”

“नो प्रॉब्लेम,” ती म्हणाली, “ही फरगॉट हिज लंच इन द कार.”

तिनं मला वाचवलं होतं. दुसरा कुणी असता तर तिचे पाय धरले असते. मी परतीचे अडीच तास गाडीत तिच्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसलो. हिनं माझ्यावर दया करावी, हे घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन प्रोफेसरांना सगळं सांगितलं. माझे आकडे बाद झाले, जागा तिला मिळाली. प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर माझ्या प्रामाणिकपणाची तारीफ केली. मृणालनं पाठीत धपका घातला, “दम आहे बे तुझ्यात!”

आता मी जर्सी सिटीत सॉफ्टवेअर लिहितो. घरी पाहुणे आले की माझी बायको हा किस्सा कौतुकानं सांगते, आणि मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो. खरं बोलायची हौस मला तेव्हाही नव्हती. जन्मभर मृणालच्या उपकाराखाली राहण्यापेक्षा जागा गेलेली परवडली, एवढंच.