झडतीचा पंच

सेलूतल्या बौद्धपुऱ्यात श्रावण हातमागावर पासोड्या विणायचा. हात चालत, पाय चालत, मन मात्र भलतीकडेच असे. कमला, त्याची बायको, दारात बसून कांड्या भरता भरता हाक मारी आणि हा जणू दूरच्या गावाहून परत आल्यासारखा बघे. "कुठी गेलते?" ती विचारी. त्याला सांगता येत नसे. कधी तो ढगांखालून चाललेला असे, कधी नागपूरला दीक्षेच्या दिवशी पाहिलेल्या पांढऱ्या गर्दीत उभा असे. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली होती, तरी ती गर्दी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गावातलं जवसाचं तेल एकाएकी नाहीसं झालं. तेलाचे व्यापारी तीन. तिघांच्याही दुकानांवर एकच उत्तर, "माल नाई." आठवड्याच्या बाजारात मग थोडं तेल दिसलं, पण भाव ऐकून बायका रिकाम्या बाटल्या घेऊन परत फिरल्या. तिन्ही दुकानांत भाव अगदी सारखा. तिघांनी संगनमत केलंय हे गावाला कळत होतं, पण बोलायचं कोणी? तक्रार तहसिलीत गेली आणि एका सकाळी पुरवठ्याचे साहेब झडतीचं वॉरंट घेऊन जीपमधून उतरले.

झडतीला गावातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात. साहेबांनी बाजारपेठेत विचारलं. एकाला ताप आला, दुसऱ्याला शेतावर जायचं आठवलं, तिसरा तर व्यापाऱ्याचा साडूच निघाला. शेवटी पेन्शनीतले मास्तर बंडोपंत तयार झाले. दुसरा पंच मिळेना. श्रावण त्या वेळी विणलेल्या पासोड्या खांद्यावर टाकून रस्त्याने चालला होता.

"अहो, जरा इकडे या. पंच म्हणून याल का?" साहेब म्हणाले.

श्रावणने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"मी, जी?"

"तुम्हीच. गावातले आहात ना?"

त्यानंतरचं सगळं श्रावणला स्वप्नात घडल्यासारखं वाटत राहिलं. बाजारातला गलका कुठेतरी खाली राहिला. पासोड्या जीपमध्ये ठेवून तो बंडोपंतांच्या शेजारून चालत होता आणि लोक वाट देत होते.

व्यापाऱ्यांत मोठे प्रभाकरराव. त्यांच्या दुकानात काही मिळालं नाही. मागच्या गोदामात सरकीची ढेप तेवढी होती. वॉरंटात दुकान, गोदाम आणि राहतं घर असं तिन्ही लिहिलेलं होतं. साहेब घराकडे वळले तसा प्रभाकररावांचा चेहरा उतरला.

ओसरी, माजघर, मग स्वयंपाकघर. कोठीची खोली त्याच्या पलीकडे आणि तिचं दार स्वयंपाकघरातूनच. उंबरठ्यात प्रभाकररावांच्या पत्नी, सुलोचनाबाई, उभ्या होत्या.

"इथून आत कोणी येऊ नका," त्या म्हणाल्या. त्यांची नजर श्रावणवर होती. "चुलीवर नैवेद्याचं आहे."

बंडोपंत चुळबुळले. "साहेब, मी एकटाच जाऊन पाहतो की. माझ्या सहीवर भागेल."

"नाही भागणार. दोघांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. नाहीतर उद्या कोर्टात ही झडतीच उभी राहायची नाही."

सगळे श्रावणकडे बघू लागले. प्रभाकरराव हळूच म्हणाले, "श्रावण, तू समजदार आहेस."

श्रावणने सुलोचनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चौकट दोन्ही हातांनी धरली होती. त्याला राग आला नाही. आपल्याला राग का येत नाही याचंच नवल वाटलं. त्याने पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या.

"बाई, मी आत येऊन राह्यलो," तो म्हणाला आणि त्याने उंबरठा ओलांडला. सुलोचनाबाई बाजूला झाल्या.

आत छपरात एका कवेलूच्या जागी काच बसवलेली होती. तिच्यातून उन्हाचा एक सरळ खांब खाली उतरला होता आणि त्यात चुलीचा धूर निळा होऊन फिरत होता. श्रावण क्षणभर त्या उन्हातच थांबला. कपाळावर ऊन, पायाखाली सारवलेली गार जमीन. साहेबांनी हाक मारली तेव्हा तो भानावर आला.

कोठीचं दार उघडं टाकलं तसं स्वयंपाकघरातलं ऊन आतपर्यंत पोचलं. गोधड्या आणि पोती रचलेली होती. "कोंडा आहे त्यात," प्रभाकरराव म्हणाले. साहेबांच्या शिपायाने पोती ओढली. मागे तेलाचे डबे, पार वरपर्यंत. प्रभाकररावांचे तर होतेच, पण दुसऱ्या दोघांच्या दुकानांचे शिक्के असलेलेही. तिघांचा माल एका खोलीत. पंचनाम्यावर बंडोपंतांनी सही केली आणि त्यांच्या खाली श्रावणने आपलं नाव एकेक अक्षर जपून काढलं.

कोर्टाची तारीख लागली तेव्हा प्रभाकरराव बौद्धपुऱ्यात आले. आजवर ते इकडे कधी फिरकले नव्हते. कमलाने खाट टाकली, पाणी दिलं. पेला त्यांनी हातात धरून ठेवला.

"श्रावण, खोटं बोल म्हणत नाही मी. एवढंच म्हणजो का कोठीत अंधार होता, नीट दिसलं नाई."

श्रावण छपराकडे बघू लागला. कमलाला वाटलं, गेला वाटतं पुन्हा कुठेतरी.

"अंधार नव्हता जी," तो म्हणाला. "ऊन होतं. लई सुंदर ऊन होतं. त्याले मी अंधार कसा म्हणू?"

प्रभाकररावांनी पेला न पिताच खाली ठेवला.

वर्ध्याच्या कोर्टात व्यापाऱ्यांच्या वकिलाने तोच मुद्दा काढला: कोठीला खिडकी नाही, मग दिसलं कसं? श्रावण सांगू लागला. काचेचं कवेलू, उन्हाचा खांब, निळा धूर, डब्यांच्या पत्र्यावर पडलेली चमक. सांगता सांगता त्याचे डोळे पुन्हा दूर गेले. वकील खाली बसला तरी तो बोलतच होता. शेवटी मॅजिस्ट्रेट म्हणाले, "पुरे, समजलं आम्हाला." पण ते स्वतः कान देऊन ऐकत होते, असं बंडोपंत नंतर सांगत.

तिघांना दंड झाला. जप्त तेल तहसिलीपुढे ठरल्या भावाने विकलं गेलं. प्रभाकररावांचं दुकान पुन्हा उघडलं, पण ते श्रावणशी बोलत नसत. तेल घ्यायला कमला दुसऱ्या गावच्या बाजाराला जाऊ लागली. तेवढी पायपीट वाढली खरी.

साक्षीच्या संध्याकाळी परतीच्या मोटारीत श्रावण आणि बंडोपंत एकाच बाकावर बसले होते. तुरीच्या शेतांवर पिवळा प्रकाश पसरला होता.

"श्रावणराव," बंडोपंतांनी विचारलं, "बोलताना भीती नाही वाटली?"

श्रावण खिडकीबाहेर बघत होता. बंडोपंतांनी पुन्हा विचारलं नाही; त्याच्या बाजूची काच थोडी खाली केली आणि वारा आत येऊ दिला.